कुणाच्या चेहऱ्याला कुठला दोरा

आमच्या भागात चेहऱ्याच्या जखमांनाही हंगाम असतो. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्याकडे रात्रीचे रुग्ण वाढतात. चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी हा सगळा उसाचा पट्टा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्या कडेनं हातभर बाहेर आलेला ऊस, आणि मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा तो तिच्यात घुसलेला असतो. फडातल्या जखमा वेगळ्या. पात्यानं गाल चिरतो, कोयता निसटतो, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना पाय सटकतो आणि माणूस तोंडावर येतो. मग सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेले टेम्पो. त्यानंतर गावोगावच्या यात्रा, बैलगाडी शर्यती, एखादं शिंग. पावसाळ्यात निसरडे रस्ते. कुत्री बारा महिने. आणि खानापूरच्या जंगलात, भीमगडच्या अंगाला, अस्वल. अस्वल माणसावर आलं की बहुधा डोक्या-तोंडावरच येतं. ते रुग्ण आमच्यापर्यंत येत नाहीत, थेट बेळगावला जातात. शिकत असताना मी ते पाहिलेत, आणि त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

मी जनरल सर्जन. प्लास्टिक सर्जन नव्हे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. चिक्कोडी भागातल्या एका गावात आमचा छोटा दवाखाना आहे. अपेंडिक्स, हर्निया, गळू, मूळव्याध ही रोजची कामं. पण बायका-बाप्ये मला बाजारात थांबवून ज्या कामाबद्दल बोलतात ते हे, चेहऱ्याचे टाके. पोटावरचा टाका कुणी बघत नाही.

टेबलावर आडवं झालेलं माणूस मराठी असो की कन्नड, प्रश्न एकच. "वण ऱ्हातोय काय ओ मॅडम?"

राहतो. कातडीची पूर्ण जाडी चिरली गेली की वण राहतोच, कितीही मोठा सर्जन आणा. भरलेल्या जखमेची ताकदसुद्धा मूळ कातडीच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही, आणि तिथवर पोचायलाही महिने लागतात. आपल्या हातात असतं ते एवढंच, की तो वण कुठं बसेल, सपाट राहील की खड्डा पडेल, आणि चार फुटांवर बसून बोलणाऱ्याची नजर त्याच्यावर अडेल की नाही. हे बहुतेक पहिल्या टेबलावर ठरतं. पुढं वर्षभरानं बंगळूर-मुंबईला जाऊन काय करायचं ते करता येतं, पण पहिल्या रात्री जे राहून गेलं ते भरून काढणं फार महाग पडतं, पैशानं आणि वेदनेनंही.

त्यातल्या त्यात चेहरा उदार आहे. तिथं रक्ताचा पुरवठा इतका भरपूर की हातापायाच्या जखमेला लावायचे नियम चेहऱ्याला लावून चालत नाही. पायाची जखम सात-आठ तास उघडी राहिली की आम्ही टाके घालायला कचरतो. चेहऱ्याची जखम चोवीस तासांनी आली तरी नीट धुऊन शिवता येते. लोंबकळणारा कातडीचा तुकडा, निळसर पडलेला, एका बारीक पुलावर तगलेला, पायावर असता तर कापून टाकला असता. चेहऱ्यावर तो कापायचा नाही. पुष्कळदा तो जगतो. एकदा एक ड्रायव्हर नाकपुडीचा लोंबता तुकडा रुमालानं दाबून, वर हेल्मेट चढवून, स्वतः गाडी चालवत आला होता. तुकडा जगला. रुमाल इतका मळका होता की धुवायला मला जास्त वेळ लागला.

धुणं. सगळ्यांना वाटतं कौशल्य टाक्यात आहे. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम धुण्यात आहे, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळं तिथंच चुकारपणा होतो. डांबरी रस्त्यावर गाल घासत गेलेला पोरगा आणा. वरून बघितलं तर नुसतं खरचटलेलं दिसतं. पण त्या खरचटण्यात डांबराचे कण, खडीची भुकटी, टायरचं काळं रुतून बसलेलं असतं. ते तसंच राहिलं आणि वरून कातडी आली, की आयुष्यभराचं गोंदण. निळसर-काळे ठिपके, ना घासून जातात ना मलमानं. मग लेझर, आणि तेही पूर्ण काढेलच असं नाही. हेच कण पहिल्या दिवशी भूल देऊन, सलाइन ओतत, मऊ ब्रशनं घासून निघतात, उरलेले सुईच्या टोकानं एकेक उचलावे लागतात. दोन दिवस उलटले की ते घट्ट बसतात. आमच्या सिस्टर या कामात माझ्याहून सरस. भिंगाचा चष्मा घालून अर्धा-पाऊण तास त्या गालावर वाकलेल्या असतात, आणि तोंडानं रुग्णाच्या गावातल्या सगळ्या नातेवाइकांची चौकशी चालू.

शिवाय घरून भरून आणलेला ऐवज असतोच. हळद आमच्याकडे सगळ्यात वर. त्याच्या खालोखाल कॉफीची पूड, कधी चुना, कधी कापूस जाळून केलेली राख, आणि हल्ली टूथपेस्ट. हळदीवर माझा राग नाही, आमटीत ती हवीच. पण उघड्या जखमेत दाबून भरलेली हळद रक्तात भिजून गोळा होते, कडा पिवळ्या पडतात, कातडी कुठली आणि मळ कुठला कळेनासं होतं. रक्त थांबवायला स्वच्छ कापड घेऊन दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, बास. दर अर्ध्या मिनिटाला "थांबलं काय बघू" म्हणून कापड उचलणारा एक मामा प्रत्येक घरात असतो, त्याला बाहेर बसवा. कानाचा, नाकाचा, ओठाचा तुकडा तुटून पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकला तर गोठून वाया जातो.

कुत्र्याच्या चाव्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं चेहऱ्यापेक्षा जीव मोठा. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. चेहऱ्याचा चावा हा सगळ्यात धोक्याच्या वर्गात धरतात, म्हणून नुसती लस पुरत नाही. जखमेच्या आत, सगळ्या कडांनी रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, भरावं लागतं. हात-पायाचा चावा आम्ही शक्यतो उघडाच ठेवतो. चेहऱ्याला मात्र हे सगळं झाल्यावर मोजके, सैल टाके घालून कडा जवळ आणतो. टाके आधी आणि इम्युनोग्लोब्युलिन उद्या, असं कुणी सुचवलं तर तिथून उठा.

टाक्यांच्या आधी अजून एक गोष्ट असते आणि ती हमखास विसरली जाते. गालावर, कानापुढे खोल जखम असेल तर भुलीची सुई देण्याआधी माणसाला तोंड वेंगाडायला लावायचं. चेहऱ्याची नस कानाखालून येऊन पंख्यासारखी पसरते. तिची फांदी तुटली असेल तर तेवढा भाग हलत नाही. भूल दिल्यावर मग काहीच हलत नाही, आणि नस तुटली होती की औषधानं झोपली होती हे कळायला मार्ग नाही. तीन दिवसांच्या आत तुटलेलं टोक विजेच्या हलक्या धक्क्यानं शोधता येतं, नंतर ते प्रतिसाद देत नाही. म्हणून रक्तानं माखलेल्या माणसाला मी म्हणते, भुवया उचला. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा.

"दात कशाला ओ मॅडम? दात न्हाईत दुखूलाले, गाल फाटलाय."

"दाखवा की."

"माझं पुढचं दोन न्हाईत."

त्याला दातांची लाज वाटत होती, गाल कानापासून नाकापर्यंत उघडा पडला असताना. खरं दाखवले त्यानं शेवटी. दोन्ही कोपरे सारखे वर गेले आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथंच गालात लाळेची नळीही असते. ती तुटली तर नंतर जेवताना गालावरून लाळ पाझरत राहते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तिचं तोंड उघडतं, तिथून बारीक नळी घालून बघता येतं. यातलं काही तुटलेलं दिसलं तर मी हात लावत नाही. धुऊन, ओल्या गॉजनं झाकून पुढं पाठवते.

आता ओठ. मला एकाच जखमेवर परीक्षा घ्यायला सांगितली तर मी ओठाची घेईन. लाल ओठ संपून कातडी सुरू होते तिथं एक फिकट, जराशी उठावाची रेघ असते. आरशात निरखून बघा, एरवी लक्षातही येत नाही. फाटलेल्या ओठात ही रेघ एक मिलिमीटरनं जरी पायरी पडून जुळली तरी समोर बसलेल्याला ती दिसते. काय बिनसलंय ते सांगता येणार नाही त्याला, पण नजर तिथंच जाईल. गंमत अशी की भुलीचं औषध ओठात गेलं की ओठ फुगतो, त्यात अ‍ॅड्रेनालिन असेल तर पांढराही पडतो, आणि जी रेघ जुळवायची तीच गायब होते. म्हणून सुईच्या आधी रेघेवर दोन्ही बाजूंना निळ्या रंगाचा एकेक ठिपका द्यायचा. शक्य असेल तर ओठात सुई टोचायचीच नाही. खालच्या ओठासाठी हनुवटीजवळची नस, वरच्यासाठी डोळ्याखालची नस बधिर करायची, ओठ आपल्या मापातच राहतो. मग पहिला टाका ठिपक्याला ठिपका लावून. तो पसंत पडेपर्यंत पुढं सरकायचं नाही. मी तो काढून परत घालते, कधी तीनदा. सिस्टर काही बोलत नाहीत, नुसता दिवा जवळ आणतात. मग ओठाचा गोल स्नायू विरघळणाऱ्या दोऱ्यानं. हा स्नायू न शिवता नुसती कातडी शिवली तर टाके सुरेख दिसतात, नातेवाईक खूश होऊन जातात, आणि दोन महिन्यांनी माणूस शिट्टी वाजवायला गेला की तिथं खळगा. मग आतली ओली बाजू, आणि शेवटी कातडी.

भुवईचंही असंच. जखम भुवईतून गेली असली तरी भुवई भादरायची नाही. केस हेच जुळवणीचं माप. ते काढले तर जुळवायचं कशाला, आणि पुन्हा ते नीट उगवतीलच असं नाही. आमच्याकडे काही उत्साही कंपाउंडर रुग्ण पाठवण्याआधी सेवा म्हणून भुवई साफ करून पाठवतात.

कडा शिवतानाही त्या जराशा उचललेल्या राहतील असं बघावं लागतं. नवखा माणूस त्या सपाट बसवतो, आणि वण आकसताना खाली ओढला जातो. खोल गेलेल्या वणावर सावली पडते. वण दिसतो तो रंगामुळं कमी आणि या सावलीमुळं जास्त, हे एकदा कळलं की लग्नाच्या हॉलमधल्या वरच्या दिव्यांखाली माणसं वेगळीच दिसायला लागतात. अपघातात एका गोष्टीला मात्र इलाज नसतो, जखमेच्या दिशेला. व्हिएन्नाच्या कार्ल लांगर या शरीरशास्त्रज्ञानं १८६१ मध्ये प्रेतांच्या कातडीवर गोल टोच्यानं भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली, आणि जागोजाग एका ठराविक दिशेनं. कातडीला आपला ताण असतो. जिवंत चेहऱ्यावर त्याचा अंदाज सुरकुत्यांवरून येतो. कपाळावर आडवी चीर पडली तर वर्षानं शोधावी लागते. तीच उभी पडली तर कितीही चांगली शिवा, राहतेच थोडी. हे मी आधीच सांगते, म्हणजे नंतर माझ्या नावानं बोटं मोडली जात नाहीत.

एवढं सगळं सांगितलं ते ज्या कारणासाठी, ते आता. "पोरगी हाय, लग्नाची हाय. बारीक टाके घाला, प्लास्टिकवाले." हे मी असंख्य वेळा ऐकलंय आणि त्यात काही चूक नाही. चूक आहे ती न ऐकलेल्या वाक्यात. लग्नाच्या मुलीला चेहरा असतो, शहरातून आलेल्याला असतो, मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढणारे चार नातेवाईक बरोबर आहेत त्याला असतो. उसतोडीच्या टोळीतल्या पन्नाशीच्या बाईला तो असतो की नाही, हे कुणी म्हणत नाही. ती स्वतःही नाही. मी शिकत असताना एका रुग्णालयात, नाव घेत नाही, रात्रीच्या ड्युटीवर असा शिरस्ताच होता. कपाळ फुटलेला हमाल आला की ट्रेमध्ये आपोआप जाड रेशीम यायचं. ३-० चं. डोक्याच्या कातडीला वापरतात ते. "त्याला काय सिनेमात जायचंय?" असं कुणीतरी म्हणायचं, आणि आम्ही हसायचो. बारीक नायलॉन, ६-० चं, कपाटात असायचं. ते कुणी दडवून ठेवलं होतं असं नाही. नुसतं काढायचं नाही एवढंच.

दोऱ्याच्या किमतीचा यात फारसा भाग नाही. खरा खर्च वेळेचा. जाड दोऱ्यानं मोठमोठे टाके दहा मिनिटांत होतात. बारीक दोऱ्यानं, थराला थर लावून, तीच जखम पाऊण तास घेते. म्हणजे प्रश्न असा, की रात्री दोन वाजता कुणाच्या चेहऱ्यासाठी मी पाऊण तास वाकून उभी राहणार? उत्तर आपण मनातल्या मनात देऊन टाकतो, रुग्णाच्या चपला बघून.

आणि मुलगे. "पोरगा हाय, चालतंय की" हेही तितकंच लबाड. कपाळापासून गालापर्यंत आडव्यातिडव्या टाक्यांचा वण घेऊन फिरणाऱ्या पोराला पोलीस आधी थांबवतात, बँकेत वॉचमन नाव विचारतो. निपाणीच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसणाऱ्या पोरानं मला सांगितलं, मालकानं त्याला पुढून उचलून आत भटारखान्यात टाकलं, गिऱ्हाइकं बघूलालीत म्हणून. नाकाखालचा वण होता, शिवणाऱ्यानं घाई केली होती. त्याला पगार तेवढाच मिळतो. टिप मिळत नाही.

या बाबतीत मला एका निनावी माणसाचं फार अप्रूप आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. रुग्ण कावसजी, जातीनं कुणबी-मराठा, १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात कापला गेला. त्याच युद्धात आमच्या खालच्या अंगाला परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडला वेढा घालून महिनोनमहिने बसली होती, तेव्हा हा सगळा मुलूख बैलांनी आणि बैलवाल्यांनी भरून गेला असणार. तर हा कावसजी वर्षभर बिननाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ती कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी मात्र तशीच राखली, रक्त चालू राहावं म्हणून. कातडी पिळून खाली आणली, नाकाच्या कडांना खाच करून त्यात बसवली, आणि वरून कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. पानात घालतो तोच कात. चार दिवस हात लावला नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली. ही हकिगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया तिथं केली. आज नाकाचा मोठा भाग गेला तर कपाळावरून कातडी आणतात ती मुळात याच रीतीनं, आणि पट्टी कापायला आजही तीनेक आठवडे थांबतात.

सुश्रुताचं नाव आमच्या प्रत्येक परिषदेच्या पहिल्या स्लाइडवर असतं, असावंही. पण मला राहून राहून वाटतं ते हे, की पुण्याच्या त्या कारागिराच्या पुढ्यात कुणी सरदार नव्हता, एक हात तुटलेला बैलवाला होता. आणि त्यानं मेणानं माप घेतलं.

सीमाभागात एक जादा भानगड असते. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. मिरजेच्या मिशन दवाखान्याची सवय तर आज्यापणज्यापासून. वॉनलेस साहेबानं तो १८९४ मध्ये काढला. त्यामुळं रक्तबंबाळ माणूस ओसरीवर ठेवून भाऊभाऊ वाद घालतात, कोल्हापूर का मिरज का बेळगावचं केएलई हॉस्पिटल. राज्याच्या योजनेचं कार्ड बहुधा त्या राज्यातच चालणार, आणि आमची जमीन एका राज्यात, सोयरे दुसऱ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लावायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. कार्ड खिशात ठेवून बसलेल्याला दोन्हीकडची निवेदनं वाचायला मिळाली. आमच्या संमतीपत्राचा मसुदा कन्नड, त्यावरची माझी नोंद इंग्रजी, आणि समजावणं मराठीत. चेहऱ्यापुरतं सांगायचं तर मोठी मोडतोड नसेल, शुद्ध नीट असेल, नस-नळी शाबूत असेल, तर जवळच्या माणसाकडं जा ज्याला घाई नाही. लांबच्या मोठ्या नावापेक्षा ते बरं. आणि खासगी विमा असेल तर कंपनीचा माणूस "कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही" म्हणाला तर तिथं गप्प बसू नका. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना ही त्या अटीला अपवाद आहे, पॉलिसीतच लिहिलेलं असतं.

टाके निघाल्यावर लोकांना वाटतं काम संपलं. वण खरा वाईट दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, लाल, टणक, खाजरा. तेव्हा माणसं तणतणत येतात, "पहिल्यांदा बरं होतं, आता बिघडलं." बिघडलेलं नसतं. आत जुनं सामान काढून नवं घालणं चालू असतं, ते वर्षभर चालतं, आणि बारा महिन्यांच्या आत त्यावर सुरी चालवायला उतावीळ होणाऱ्या डॉक्टरपासून मी रुग्णाला लांब ठेवते. तोवर दिवसातून दोनदा बोटानं दाबून मालिश, परवडत असेल तर सिलिकॉनचं जेल, आणि ऊन नाही. उन्हानं कोवळा वण काळा पडतो तो तसाच राहतो. सनस्क्रीन लिहून देते मी, पण फडात सनस्क्रीन म्हणजे काय ते मलाही कळतं. मग ओढणी, टॉवेल, टोपीची झापड, जे असेल ते. कानाच्या पाळीचा वण मात्र वाढत वाढत मूळ जखमेच्या बाहेर गेला तर लगेच दाखवा, ते केलॉइड, आणि ते नुसतं कापलं तर दुप्पट होऊन येतं.

राहता राहिला पाचवा दिवस. चेहऱ्याचे टाके पाचव्या दिवशी काढायचे, पापणीचे तिसऱ्या-चौथ्या. डोक्याचे सात ते दहा दिवस चालतात, आणि त्याच हिशोबानं गालावरचेही दहा दिवस ठेवले की दोरा कातडीत रुततो, जखमेच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा उमटतात त्या कायमच्या. पाऊण तास वाकून केलेलं काम या पाच दिवसांच्या उशिरानं मातीत जातं. आणि उसाची टोळी पाचव्या दिवशी कुठल्या गावात असेल ते मुकादमालाही सांगता येत नाही. काही जणांना मी म्हणूनच वरच्या कातडीलाही लवकर विरघळणारा दोरा वापरते, लहान पोरांना वापरतात तो. तो प्रत्येक जखमेला चालत नाही.

गेल्या हंगामात जतकडच्या टोळीतली एक बाई आली होती, ओठ आणि हनुवटी, कोयत्याची. नायलॉनच घालावा लागला. निघताना मुकादमाला उभं केलं. तो म्हणाला, "पाचव्या दिवशी फड सोडता येत नाही मॅडम, गाडी भरायची असते."

"रात्री आणा."

"रात्री तुम्ही असता व्हय?"

असते म्हटलं. चिठ्ठीवर तारीख लिहून दिली, मोबाइल नंबर दिला, आणि आली नाहीत तर मी स्वतः फडावर येईन, सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊन विचारीन, असंही सांगितलं. हे शेवटचं लागू पडलं असावं. पाचव्या रात्री साडेदहाला ट्रॅक्टरचं नुसतं मुंडकं दारात. बाई, मुकादम, आणि मडगार्डवर बसून आलेले आणखी दोघे. एकाच्या डोळ्यात उसाचं पातं गेलेलं, दुसऱ्याच्या भुवईत हळद भरलेली.

सिस्टर ब्रश घेऊन आल्या.